हाडवाले, नसवाले आणि छातीवाले

गंगाखेडला माझं कृषी सेवा केंद्र आहे. युरियाचं पोतं ४५ किलोचं, डीएपीचं ५० किलोचं. ऐन पेरणीत हमाल मिळाला नाही की दुकानदारच हमाल होतो. अशा माणसाची पाठ दुखू लागली तर लोक काय म्हणणार? ‘उसण भरली असंल.’ चुलत्यानं तेल कोमट करून चोळून दिलं, गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन टोचलं, पुढं एका ठिकाणी एक्स-रे निघाला आणि ‘मणक्यात गॅप आहे’ म्हणून कंबरेचा पट्टा हातात पडला. आपल्याकडं चाळिशी ओलांडलेला आणि मणक्यात गॅप नसलेला माणूस शोधून सापडायचा नाही, त्यामुळं त्यावर कुणी पुढं विचारलंही नाही. दुखणं मात्र कंबरेत नव्हतं. पाठीच्या मधोमध, फऱ्यांच्या खाली होतं, आणि दिवसापेक्षा रात्री जास्त.

सोयाबीन निघेस्तोवर पॅन्ट ढिली झाली. दिवस मावळला की अंग कसकसायचं. छातीच्या खाली सगळीकडून करकचून आवळल्यासारखं वाटायचं, त्याला मी ॲसिडिटी म्हणत होतो. मग एकदा ओसरीतून मोरीकडं चाललो होतो तर मागून बायको म्हणाली, “अहो, एकच चप्पल घालून कुठं निघालात?” दुसरी उंबऱ्यापाशी पडली होती. पायातून कधी निसटली, पत्ता नाही. फरशी गार आहे हे उजव्या पायाला कळत होतं, डाव्याला नाही.

परभणीला एमआरआय झाला. छातीच्या भागात मणके १२ असतात. त्यातला नववा आणि दहावा समोरच्या बाजूनं खाल्ला गेला होता. दोघांमधली गादी नाहीशी, समोर आणि बाजूला पू, आणि मागं मज्जारज्जूवर दाब. साध्या एक्स-रेत हे उमटायला हाड आधी बरंच झिजावं लागतं, एमआरआयमध्ये लवकर दिसतं.

इथून जे सुरू झालं त्याबद्दल लिहायचं म्हणून बसलोय.

हाडाचे डॉक्टर म्हणाले, “नस दबलीये, आधी न्यूरोला दाखवा.” न्यूरोवाले म्हणाले, “दाब मी काढतो, पण मणका खचलाय. मागून हाड कापून नुसता दाब काढला तर पाठ आणखी वाकते. स्क्रू-रॉड लागणार. स्पाइन करणाऱ्या ऑर्थोला भेटा.” छातीच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली आणि म्हणाले, “टीबीच वाटते. पण वाटून उपयोग नाही, कॅन्सर किंवा दुसरा कुठला जंतू नाही हे ठरवायला आधी तुकडा काढून तपासा.” तुकडा कोण काढणार? तर ते सीटी स्कॅनवाल्यांना विचारा.

यातलं एकही वाक्य चूक नव्हतं. जो तो आपल्या जागी बरोबर होता. पण ही सगळी बरोबर वाक्यं एकाकडून दुसऱ्याकडं पोचवायचं काम माझ्या बायकोच्या गळ्यात पडलं होतं. तिचं शिक्षण दहावी. काखेत फाइल धरून ती एका ओपीडीतून दुसऱ्या ओपीडीत जायची आणि ‘ते सर असं म्हणाले’ म्हणून सांगायची. निरोपातला एखादा शब्द मागंपुढं झाला की समोरचे डॉक्टर चिडायचे. एकदा एका डॉक्टरांनी कागदावर दोन ओळी खरडून दिल्या, त्या दुसऱ्यांना वाचता येईनात. फोन दोघांच्याही खिशात होते. एवढ्यात मला जिना चढताना पाय हातानं उचलून ठेवावा लागायला लागला होता आणि लघवीला वेळ लागत होता.

मेव्हणा जालन्याला असतो. त्यानं चौकशी करून छत्रपती संभाजीनगरचं एक हॉस्पिटल काढलं, जिथं मणक्याचं काम ऑर्थो आणि न्यूरो मिळून करतात. “दाजी, आता आणखी कुणाला विचारू नका, उठा,” म्हणाला. उठणं माझ्या हातात राहिलं नव्हतं. जिंतूर, मंठा, जालना असा सगळा रस्ता मी रुग्णवाहिकेत सपाट झोपून केला. मणका ढिला असला की बसवून, वाकवून न्यायचं नसतं, हे मला निघतानाच पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं.

तिथं पहिल्या रात्रीच दोन निवासी डॉक्टर येऊन गेले, आधी ऑर्थोचा, मग न्यूरोचा. टाचणी टोचून ‘कळतंय का मामा’, चिमटा घोट्याला लावून ‘थरथर जाणवते का’. एकानं किल्लीच्या टोकानं तळव्यावर टाचेकडून बोटांकडं रेघ ओढली, तर अंगठा आपोआप वर गेला. तान्ह्या लेकराचा असा वर जातो. मोठ्या माणसाचा गेला तर मेंदूकडून खाली येणारी वाट कुठंतरी अडलीये असं धरतात. पायाची ताकद ० ते ५ अशी मोजतात. एकानं डाव्या पायाला ३ दिले, दुसऱ्यानं २. सकाळी राउंडला मणक्याचे मुख्य सर आले, दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि दोघा पोरांना म्हणाले, “आता दोघं मिळून परत तपासा, माझ्यासमोर.” मिळून २ ठरले. त्यानंतर रोज दोघांनी एकाच कागदावर लिहायचं. उद्या पाय सुधारतोय का बिघडतोय हे ज्या आकड्यावरून ठरवायचं तो आकडाच दोन ठिकाणी दोन असेल तर पुढं काय बोलणार? मला त्या सकाळी पहिल्यांदा बरं वाटलं, औषध सुरू व्हायच्या आधी.

तुकडा सीटीच्या मशीनमध्ये पालथं झोपवून बाजूनं सुई घालून काढला. रेडिओलॉजीचे डॉक्टर, आणि शेजारी स्पाइनचे निवासी डॉक्टर, कोणत्या जागेतून हवा ते सांगायला. नमुना तीन ठिकाणी गेला: सीबीनॅटला म्हणजे टीबीचा जंतू मशीनवर ओळखायला, कल्चरला म्हणजे जंतू वाढवून बघायला, आणि पॅथॉलॉजीला. सीबीनॅटचं उत्तर लवकर येतं आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल का तेही त्यात कळतं. टीबी निघाली, औषधाला दाद देणारी. वजन करून गोळ्या सुरू झाल्या, निक्षय या सरकारी टीबी नोंदणीवर नाव चढलं. २०१२पासून टीबीचा रुग्ण खाजगी डॉक्टरांनीही सरकारला कळवावा लागतो.

माझा असा समज होता की मणक्याची टीबी म्हणजे ऑपरेशन आलंच. न्यूरोचा तो निवासी डॉक्टर, सेलूकडचा पोरगा, रात्रपाळीत निवांत असला की समजावून सांगायचा. पर्सिव्हल पॉट नावाच्या इंग्रज सर्जननं १७७९ साली पाठीचं कुबड आणि पाय जाणं यांची सांगड घातली म्हणून या आजाराला अजून पॉटचं नाव आहे. टीबीची औषधं आल्यावर हाँगकाँगला हॉजसन आणि स्टॉक या सर्जननी छातीतून थेट समोरून जाऊन खराब हाड काढून तिथं चांगलं हाड बसवायची पद्धत आणली, १९५६ साली त्यांनी ती छापली. आणि आपल्याकडं बनारसच्या डॉ. तुलींनी मधला मार्ग सांगितला: औषध सगळ्यांना, चाकू फक्त गरज असलेल्यांना. “मग मी कुठं बसतो यात?” मी विचारलं. तो म्हणाला, “गोळ्या सुरू होऊनही पाय खाली चाललेत ना मामा. तुम्ही गरजवाल्यात.”

त्या हॉस्पिटलात मणक्याच्या अवघड रुग्णांची एकत्र बैठक असते. नातेवाइकांना सहसा बसू देत नाहीत, पण मुख्य सरांनी बायकोला मागच्या खुर्चीवर बसवलं. मी वॉर्डात पडून. त्यामुळं पुढचं सगळं तिच्या तोंडून आणि नंतर सरांनी एक्स-रेच्या पाकिटाच्या मागं काढून दाखवलेल्या चित्रावरून.

पहिला वाद मागून का समोरून. न्यूरो सर म्हणत होते, मागून पाठीतून जाऊन बाजूनं वळसा घालून पू आणि तुकडे निघतील, छाती उघडायची गरज नाही. ऑर्थो स्पाइनचे सर म्हणत होते, दोन मणके गेलेत, पोकळी मोठी आहे, समोरचा आधार भक्कम बसवायचा तर समोरूनच हात पोचला पाहिजे. मागून तेवढा आधाराचा धातूचा पिंजरा बसवायला मज्जारज्जूच्या जवळून फार ओढाताण होईल. छातीचे सर्जन, ज्यांचं रोजचं काम हृदय-फुप्फुसाचं, ते तोवर गप्प होते. त्यांनी एकच विचारलं: “याला आधी कधी छातीत पाणी झालं होतं का?” सगळ्यांनी मागं वळून बायकोकडं बघितलं. झालं नव्हतं. “मग फुप्फुस चिकटलेलं नसावं. मी वाट करून देतो.”

दुसरा वाद बाजूचा. छातीच्या सर्जनना डावी बाजू हवी होती, कारण डावीकडं मोठी धमनी लागते, ती जाड भिंतीची, हाताळता येते. उजवीकडं मोठी शीर, ती पातळ, फाटली तर आवरत नाही, शिवाय खाली यकृत. पण न्यूरो सर म्हणाले, मज्जारज्जूच्या खालच्या भागाला रक्त देणारी मुख्य नस बहुतेक लोकांत डावीकडूनच येते, आणि नेमकी याच पातळीच्या आसपास. वाट करताना तिची फांदी बांधली गेली तर मणका चांगला बसेल आणि पाय कायमचे जातील. शेवटी ठरलं ते असं: डावीकडूनच जायचं, पण कुठलीही नस लगेच बांधायची नाही. आधी तिला नुसती चिमटी लावायची, थांबायचं, डोक्यातून पायापर्यंत सोडलेला विजेचा इशारा पोचतोय का ते मशीनवर बघायचं, पोचत असेल तरच बांधायची.

हे ऐकल्यावर भूलतज्ज्ञ मॅडमनी हात वर केला. तो इशारा बघायचा तर स्नायू ढिले करायचं औषध त्या वेळात देता येत नाही आणि नेहमीचा भुलीचा वायूही चालत नाही, सगळी भूल शिरेतून. वर एक फुप्फुस बंद ठेवून दुसऱ्यावर श्वास चालवायचा. रक्त कमी जावं म्हणून सर्जनना बीपी खाली हवा असतो, मज्जारज्जूला रक्त पोचावं म्हणून तो खाली जाऊन चालत नाही. “तुमचं आधी ठरवा, बीपी कितीच्या खाली नको ते. ऐन वेळी तिघांनी तीन आकडे ओरडायचे नाहीत,” मॅडम म्हणाल्या. आकडा ठरला आणि लिहिला गेला.

बायको वर आली तेव्हा मी विचारलं, काय झालं? म्हणाली, “भावकीत वाटणीला बसल्यावर होते तशी वादावादी झाली. फक्त कुणी मधूनच उठून गेलं नाही.” आणि मग म्हणाली, “मला काहीच सांगावं लागलं नाही आज.”

ठरलं दोन टप्प्यांत. आधी मागून स्क्रू आणि रॉड घालून पाठ धरून ठेवायची, मग काही दिवसांनी छातीतून समोरचं काम.

मधे योजनेचा कागद अडला. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत वर्षाला कुटुंबामागं ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, हॉस्पिटलही योजनेतलं होतं. पण हॉस्पिटलात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्रानं पेन उचलून विचारलं, “ऑपरेशन ऑर्थोचं का न्यूरोचं?” दोघांचं, म्हटलं. “तसं कसं? आणि हे छातीवाले कशाला?” वरून प्रश्न येत राहिले, कागद खाली-वर होत राहिले. तीन विभाग एका पाठीवर काम करतात हे डॉक्टरांना पटलं होतं, कागदाला पटायला वेळ लागला. शेवटी मुख्य सरांनी सही करून ऑर्थोच्या नावावर टाकलं आणि बाकीच्या दोघांची नावं पत्रात जोडली. फिल्म, फोटो, सीबीनॅटचा रिपोर्ट, रेशनकार्ड, आधार यांच्या दोन-दोन झेरॉक्स जवळ ठेवाव्यात, एवढं मी छातीठोक सांगतो.

पहिल्या ऑपरेशनचं मला आठवतं ते एवढंच की टाळूवर आणि पोटऱ्यांत बारीक सुया लावत होते आणि एक जण दुसऱ्याला ‘डावा पाय सिग्नल कमी आहे’ म्हणत होता. कमी होता हे मला माहीतच होतं. जाग आली तेव्हा पाठ दगड झाली होती.

दुसऱ्या वेळी मला उजव्या कुशीवर वळवलं होतं. बाहेर बायको आणि मेव्हणा. तासाभरानं छातीचे सर्जन बाहेर आले, मास्क गळ्यात, म्हणाले, “माझी वाट झाली, आता आत ते दोघं आहेत. बंद करायला मी परत जाणार.” तिथंच बाकावर बसून चहा घेतला. घाईनं दुसऱ्या ऑपरेशनला पळाले नाहीत, हे बायकोनं मला कितीतरी वेळा सांगितलंय. आत न्यूरो सर मायक्रोस्कोपखाली मज्जारज्जूवरचे तुकडे उचलत होते आणि ऑर्थोचे सर पोकळी मोजत होते. वाट करताना बरगडीचा जो तुकडा काढला होता तो फेकला नाही. बारीक करून टायटॅनियमच्या पिंजऱ्यात भरला आणि पिंजरा मणक्यांच्या मधे बसवला. हाडाला हाड धरावं म्हणून. एका नसेला चिमटी लावल्यावर इशारा जरा मंदावला, म्हणून ती सोडली आणि तिच्या कडेनं काम केलं, असं नंतर कळलं. ती नस दुसऱ्या कुठल्या टीमनं दुसऱ्या कुठल्या दिवशी बांधून टाकली असती का, हे मी कुणाला विचारलं नाही.

ऑपरेशन जुळून झालं म्हणजे पुढं सगळं जुळतंच असं नाही. आयसीयूतून वॉर्डात आलो तर छातीत नळी, तिचं टोक बाटलीत, श्वास घेतला की पाणी वर-खाली. सकाळी छातीवाले यायचे: “बसवा याला, खोकू द्या, फुप्फुस फुगलं पाहिजे.” तीन चेंडूंचं प्लास्टिकचं यंत्र हातात देऊन श्वास आत ओढायला लावायचे, मला दोनच चेंडू वर नेता यायचे. दुपारी ऑर्थोचा कुणीतरी: “पट्ट्याशिवाय बसवायचं नाही, पट्टा अजून आला नाही.” संध्याकाळी न्यूरोकडून लघवीची नळी काढा, रात्री सिस्टर म्हणे मला तसं लिहून दिलेलं नाही. पुन्हा बायको निरोपाला लागली. दुसऱ्या दिवशी राउंडला ती सरळ म्हणाली, “सर, तुमच्यातलं तुम्हीच बोला ना. मला एकानं सांगा.” मुख्य सर क्षणभर थांबले. मग फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात कोणत्या गोष्टीचा शेवटचा शब्द कुणाचा ते लिहिलं: नळी छातीवाल्यांची, बसणं-उठणं ऑर्थोचं, लघवी न्यूरोची, गोळ्या फिजिशियनच्या, आणि भांडण झालं तर मला फोन. खाली स्वतःचा नंबर. इतक्या मोठ्या यंत्रसामग्रीत मला सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू म्हणजे ते एक पान.

डाव्या अंगठ्याची पहिली हालचाल फिजिओथेरपीच्या मॅडमनी पाहिली. मला कळलीही नव्हती. ताकदीच्या कागदावर २चे ३ व्हायला बराच वेळ गेला. पाय कडक व्हायचे, रात्री आपोआप गोळा यायचा. वॉकरवर उभा राहिलो तेव्हा आधी घाम आला, आनंद नंतर.

घरी आल्यावर लघवी नारिंगी झाली म्हणून माय घाबरली. ते रिफाम्पिसिनचं, त्यात काही नाही. डोळ्यांचं मात्र लक्ष ठेवतात, कारण इथॅम्ब्युटॉल या टीबीच्याच दुसऱ्या गोळीनं रंग ओळखण्यात फरक पडू शकतो. बियाण्याच्या पिशव्यांवरचे हिरवा आणि लाल वेगळे दिसतात का ते मी दुकानात स्वतःच बघत असतो. गोळ्या सरकारी दवाखान्यातून फुकट, आशाताई येऊन पाकिटं मोजतात, निक्षय पोषणचे महिन्याला १००० रुपये खात्यावर येतात. नोव्हेंबर २०२४च्या आधी ते ५०० होते. चुलतीनं माझा पेला वेगळा ठेवला होता. टीबी नुसती मणक्यात असेल, फुप्फुसात नसेल तर ती शेजारी बसल्यानं लागत नाही, हे आशाताईंनी तिला माझ्यासमोर सांगितलं. पेला तरी वेगळाच आहे. असू द्या.

आता काठी घेऊन दुकानात बसतो. पोती पुतण्या उचलतो. डाव्या तळव्याला अजून मुंग्या येतात. तपासणीला गेलो की ऑर्थो आणि न्यूरो दोघं एकाच खोलीत बघतात, एकाच दिवशी, त्यामुळं गंगाखेडहून एकच फेरी पडते. मागच्या वेळी दोघांचं पुन्हा पटलं नाही. मणक्याच्या टीबीला गोळ्या साधारण १२ महिने देतात, गरज पडली तर १८पर्यंत नेतात. ऑर्थोच्या सरांना हाड धरलेलं दिसतंय, ते म्हणतात बारावर थांबवू. न्यूरो सरांना बाजूला अजून थोडा पू वाटतो. दोघांनी माझ्यासमोरच फिजिशियनला फोन लावला, स्पीकरवर. पुढच्या महिन्यात एमआरआय आहे. तोवर गोळ्या चालू.